साईडकारचं जड हँडल : स्प्रिंग नको, ट्रेल बघा

बुलेटला साईडकार जोडल्यावर वळणावर हँडल ओढून दंड भरून येतात, यावर पुढच्या शॉकअपला कडक स्प्रिंग टाका, असा सल्ला दिला जातो. त्याने ब्रेक मारताना पुढचं दबणं कमी होईल, हँडल हलकं होणार नाही. जडपणा ट्रेलचा आहे, म्हणजे हँडल ज्या अक्षावर फिरतं त्याची रेषा जमिनीला लागते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतच्या अंतराचा. सोलो गाडीला साधारण १०० मिमी ट्रेल लागतो. साईडकारवाली झुकतच नाही, तिला ५० ते ७० पुरे.

पुढचे शॉकअप टीमध्ये (त्यांना वर-खाली धरणाऱ्या पट्ट्यांत) २० मिमी वर सरकवले तर ट्रेल जेमतेम ५-६ मिमी घटतो. खरा उपाय जास्त ऑफसेटची टी, म्हणजे शॉकअप हँडलच्या अक्षापासून जास्त पुढे धरणारी. रेक (हँडलच्या अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कल) २७ अंश धरला तर ३० मिमी ऑफसेट वाढवून सुमारे ३४ मिमी ट्रेल जातो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मिलिंगवर करून घ्या, पण वरची-खालची टी एकाच सेटिंगमध्ये बोअर करायला सांगा. भोकं जराशी तिरपी गेली की पाईप समांतर राहत नाहीत, शॉकअप अडकतात. मूळ टी कापून वेल्डिंग कृपा करून नको. तडा वेल्डच्या कडेलाच जातो आणि पुढचं चाक सुटतं.

ट्रेल घटला की ताशी २०-४० किमीला हँडल थरथरतं. त्यासाठी स्टिअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा दांडा) आणि हँडलच्या अक्षाला टेपर रोलर बेअरिंगचा कोन-सेट बसवा. शेवटी दोन्हीकडे पूर्ण हँडल वळवून ब्रेकचा पाईप ताणतो का, शॉकअप टाकीला लागतो का, ते बघा.