दोष पगाराचा की परवान्याचा?

इंडोनेशियन कादंबऱ्यांतला भ्रष्टाचार म्हणजे तुटपुंज्या पगारात संसार ओढणाऱ्या सरकारी नोकराची मजबुरी, असं एक मत आहे. प्रामुद्या अनंता तूर यांच्या 'कोरुप्सी' (म्हणजे 'भ्रष्टाचार', १९५४) या कादंबरीबद्दल हे बरंचसं पटतं. पण मोख्तार लुबिस यांची 'सेन्जा दी जकार्ता' ही कादंबरी वाचली की हे कारण अपुरं वाटतं. तिथलं एक पात्र, राडेन कास्लान, काही उपाशी नाही. पक्षासाठी निधी हवा, म्हणून तो नावापुरत्या कंपन्या काढतो आणि आयातीचे परवाने मिळवतो.

हे लुबिस यांनी हवेतून आणलेलं नाही. १९५० साली इंडोनेशियाच्या सरकारने 'बेन्तेंग' योजना आणली. डच कंपन्यांच्या हातातला आयात व्यापार देशी माणसांकडे यावा, हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांची वर ओळख त्यांना परवाना, आणि बरेच जण माल न आणता तो परवानाच विकून मोकळे. हातात फक्त एक बॅग, म्हणून लोक त्यांना 'बॅगवाले आयातदार' म्हणायचे. म्हणजे हा वरचा वर्ग परवान्यावरच पोसला गेला, आणि मला हेच जास्त अस्वस्थ करतं. त्याच कादंबरीत कचऱ्याच्या गाडीवर राबणारा साईमून आहे. ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्याचं स्वप्न.

आणि हो, लुबिस अटकेत असतानाच, १९६३ साली, ही कादंबरी आधी इंग्रजीत आली. त्यांच्या स्वतःच्या भाषेत ती छापायला १९७० उजाडलं.