घुबड ओरडलं म्हणून पिंपळ छाटायचा?

पिंपळपार: काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'मागच्या पिंपळावर रोज घुबड ओरडतंय, बी विंगमध्ये आजारी माणसं आहेत, फांद्या छाटून घ्या.' धडाधड अंगठे पडले. मला रात्री झोप नाही आली म्हणून इथे लिहितोय. अहो ती पिंगळ्याची जोडी आहे! साळुंकीएवढं छोटं घुबड. दिवेलागणीला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात, एकाने चिरर्र चिरर्र सुरू केलं की दुसरा चिवक चिवक करत मधेच घुसतो, ऐकणाऱ्याला वाटतं नवरा-बायकोचं जुंपलंय. हद्द सांगतात ते आपली, कुणाचं मरण नाही सांगत. आत्ता फेब्रुवारी चालू आहे, ढोलीत अंडी असू शकतात, आणि घरटं मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

वाईकर_७१: कायदा सांगू नका. २००९ ला आई अंथरुणाला खिळलेली, समोरच्या कौलांवर तीन रात्री घुबड घुमलं, चौथ्या पहाटे आई गेली. मी उशाशी बसलो होतो, तुम्ही नव्हता. आमची आजी म्हणायची घुबडाला दगड मारू नये, ते दगड उचलून नेतं आणि पाण्यात झिजवतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. जुनी माणसं उगीच बोलत नव्हती.

पिंपळपार: दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण दुखणाईत असलेल्या घरात रात्रभर दिवा असतो, दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पिंगळा येतो, आणि एरवी झोपलेली माणसं त्या रात्री जागी असतात म्हणून त्यांना ऐकू येतं. आणि आजींचं तर मला पटतंय, घुबडाच्या वाटेला जाऊ नका हेच सांगत होत्या ना त्या?

तान्ह्याची_आई: तुमचं सगळं खरं असेल, पण आमच्या गच्चीतल्या टाकीमागे पांढऱ्या तोंडाचं आहे, रात्री दोनला कुणीतरी घशात अडकल्यासारखं घोरतं. बाळ दचकून उठतं. मी एकटी असते हो, नवऱ्याची नाइट असते. कुणाला सांगायचं?

ऊसवाला: ताई ती गव्हाणी घुबडाची पिल्लं, भुकेली असली की तशीच घोरतात, महिना-दोन महिन्यात उडून जातील. आमच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावर होतं एक. खाली काळ्या गोळ्या पडायच्या, सुपारीपेक्षा मोठ्या. एकदा एक गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलली, आत उंदराच्या तीन कवट्या, नारिंगी दातांसकट, आणि केसांचा लगदा. उसात उंदीर काय करतो ते ज्याचं नुकसान होतं त्यालाच कळतं. पण तुम्ही सोसायटीवाले ड्रेनेजपाशी ते विषारी केक टाकता ना, त्याने घुबडं मरतात. फांद्यांचं सोडा, आधी ते बंद करा.

वाईकर_७१: आणि तुम्ही शेतात टाकता ते काय प्रसाद असतो का? झिंकच्या पुड्या कोण वापरतं?

ऊसवाला: वापरायचो. बंद केलं. ब्रोमाडिओलोन, म्हणजे त्या केकमधलं विष, खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, तोच घुबडाला आयता सापडतो. आमच्या गोठ्यातलं घुबड एका सकाळी गव्हाणीत पडलेलं, पंख पसरून, चोचीला रक्त. वडलांनी हातात घेतलं, काही बोलले नाहीत, बांधावर पुरलं. विष मी टाकलं होतं. तेव्हापासून हरभऱ्यात पक्षिथांबे लावतो, रात्री घुबड बसतं त्यावर.

तान्ह्याची_आई: म्हणजे पेस्ट कंट्रोल करायचंच नाही? घरात रांगतं बाळ आहे, उंदीर फिरू देऊ?

ऊसवाला: पिंजरे लावा. कचरा रात्री बाहेर ठेवू नका.

तान्ह्याची_आई: पिंजऱ्यातला उंदीर सकाळी कोण सोडणार, तुम्ही येणार? सांगणं सोपं असतं.

जंगलवेडा: पिंगळा अतिशय दुर्मिळ आहे, १८८४ नंतर दिसलाच नव्हता, १९९७ ला शहाद्याजवळ पुन्हा सापडला. जपायलाच हवा.

पिंपळपार: तो वनपिंगळा, सातपुड्याच्या सागाच्या जंगलातला. आमचा साधा ठिपकेवाला आहे, गावोगाव दिसतो. चुकीची माहिती देऊ नका, लोक तेवढंच धरून बसतात. आणि साधा असला तरी ढोली कुठे उरल्यात आता?

वाईकर_७१: ठीक आहे, विषाचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडेही केक टाकतात, आणि मागच्या पावसाळ्यात गेटपाशी एक घुबड मेलेलं मिळालं होतं, आम्ही अपशकुन म्हणून शांत करून घेतली. पण माझ्या आईच्या वेळचं तुम्ही किड्यांवर ढकलू नका, ते माझ्याकडे राहू द्या.

पिंपळपार: राहू द्या दादा. रविवारी आमची मीटिंग आहे, छाटणी जूनपर्यंत थांबवा एवढंच मागणार आहे. आणि केकचा विषय ऊसवाल्यांचं सांगून काढणार.

तान्ह्याची_आई: पिंजऱ्याचं पण विचारा. वॉचमन सोडणार असेल तर माझी ना नाही.