लग्नाआधी आईच्या खर्चाचा विषय कसा मांडावा?

नमस्कार. मी कोथरूडला राहते. आमचे लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी पद्धतीने करायचे ठरले असून नोटिशीचा 30 दिवसांचा काळ लवकरच सुरू होईल. मुलगा समजूतदार आहे. मात्र माझ्या पगारातून आईला दरमहा देत असलेली रक्कम लग्नानंतरही देणार आहे, असे मी सांगितल्यावर त्याच्या आई ‘नंतर बघू’ म्हणत पोह्यांच्या बशा उचलून आत गेल्या. आडनाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे तो प्रश्न मला गौण वाटतो. आईचा खर्च तसा नाही. हा विषय दोन्ही घरांच्या बैठकीत काढावा, की आधी त्याच्याशीच बोलून पक्का करावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.