तर्री अकरालाच संपते, खाली नुसता रस्सा उरतो. काय करावं?

बोगद्याजवळची:

मंडळी, प्रश्न मिसळीचा आहे. पण खाण्याचा नाही, वाढण्याचा.

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना माझ्या आत्याचं छोटं हॉटेल आहे. आतेभावाने हौसेनं बोर्डावर 'कॅफे' लिहून घेतलंय, पण आत पूर्वीचीच लाकडी बाकं आणि मिसळ, वडा, पोहे, चहा, बास. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत घरी नुसतं बसून आईचं ऐकण्यापेक्षा बरं म्हणून मी रोज सकाळी तिथं असते. आत्या पातेल्यापाशी, मामा गल्ल्यावर आणि चहाच्या शेगडीवर, आतेभाऊ वडे-पोह्यांना. उरलेलं सगळं माझ्याकडे: कांदा चिरणं, प्लेटा लावणं, टेबलं पुसणं आणि 'ताई, पैसे गेले का बघा' म्हणून पुढं केलेले मोबाइल बघणं. (पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा आहे आमच्याकडे, पण मामा त्याचा आवाज बंद ठेवतात. दर चहाला ओरडतो म्हणे.)

पहाटे पाचला शटर वर जातं. मटकीचं फडकं सोडायचं काम माझं. सध्या थंडीनं मोड यायला वेळ लागतोय, म्हणून आत्या गाठोडं रात्री शेगडीशेजारच्या कट्ट्यावर ठेवते. मग ती पातेल्यात तेल तापवते, वाटण टाकते, आणि तिथून पुढं तिच्याशी कुणी बोलायचं नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी सगळं तेल पिऊन टाकतं, कोरडं पडतं, वाटतं आता करपणार. आत्या ढवळत राहते. हळूहळू कडेनं तेल सुटायला लागतं, मोठे बुडबुडे बारीक होतात, वाटण बुड सोडतं. त्या क्षणी कांदा-लसूण मसाला पडतो आणि पाठोपाठ आधणाचं पाणी. साडेसहाला पातेल्यावर लालभडक थर असतो.

आणि साडेसहालाच भरतीच्या अकॅडमीतली पोरं येतात, घाट पळून. 'ताई, वरचं मारा!' एक्स्ट्रा रस्सा फुकट, हा मामांचा नियम हॉटेल काढल्यापासूनचा, आणि त्या पोरांना एक्स्ट्रा म्हणजे तर्रीच हवी असते. त्यांना नाही म्हणवत नाही, एवढं पळून आलेली असतात. नऊला ऑफिसवाले. अकराच्या सुमाराला पातेल्यात उरतो तो फिकट रस्सा, वर चार थेंब तरंगत. नेमके तेव्हाच आमचे एक निवृत्त गुरुजी पेपर घेऊन येतात. परवा वाटीत बघून म्हणाले, "आज काय, पथ्याचं आहे वाटतं?" पैसे मात्र त्यांनी तेवढेच द्यायचे. मला फार लाजल्यासारखं झालं.

सीझनच्या रविवारी तर विचारू नका. २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून सप्टेंबरचे रविवार आपले राहिले नाहीत, असं आत्या म्हणते. वर जाणाऱ्या गाड्या सकाळीच थर संपवून जातात, आणि फुलं बघून उतरणाऱ्यांना पथ्याचं.

वरून तेल फोडणी करून ओतायला आत्या तयार नाही. "ओतलेलं तेल ओठाला लागतं, जिभेला नाही," हे तिचं उत्तर. दुसरं पातेलं लावायला शेगडी मोकळी नाही. कुणी हॉटेल चालवलेलं असेल तर सांगा.

गावभागवाला:

बाळ, सांगलीत गावभागात आमचं हॉटेल होतं, २०१९ च्या पुरानंतर पुन्हा उघडलं नाही. मिसळ मी आयुष्यभर वाढली, म्हणून दोन शब्द.

आत्याबाईंचा हात चांगला आहे, हे तुझ्या लिहिण्यावरनं कळतंय. तेल सुटेपर्यंत परतणारी माणसं आता कमी राहिली. तेव्हा रस्सा करण्यात काही बदलू नका. चूक वाढण्यात आहे. तर्री पातेल्यावर ठेवायचीच नसते. रस्सा उकळला की आच अगदी बारीक करा आणि पंधरा-वीस मिनिटं त्यात पळीसुद्धा घालू नका. सगळं तेल वर येतं. मग पसरट डावानं निम्म्याहून जास्त तर्री काढून स्टीलच्या डब्यात भरा. पातेल्यावर राहील ती शोभेपुरती. वाटी भरताना रस्सा पातेल्यातला आणि तर्री डब्यातली, मोजून एक चमचा. पहिल्या गिऱ्हाइकाला तेवढीच, गुरुजींनाही तेवढीच.

दुसरं म्हणजे रस्सा खळाखळा उकळत ठेवू नका. दिवसभर उकळला की तेल रश्श्यात फुटून मिसळतं आणि रस्सा गढूळ, केशरट दिसायला लागतो. तुमची तर्री सगळी पोरांच्याच पोटात गेली असेल असं नाही, थोडी अशीही गेली असेल. पाणी वाढवायची वेळ आली तर आधणाचंच घाला. गार पाणी घातलं की रस्सा उतरला.

आणि एक्स्ट्रा रस्सा फुकट असू दे. तो बंद केला की गिऱ्हाईक तोंडानं काही बोलत नाही, फक्त येत नाही.

खाबू मिरजकर:

एवढं कशाला? वडे तळता ना? कढईत उरलेलं तेल तापवून त्यात मसाला टाका, झाली तर्री. वड्याचा वास असतो, चव डबल. पुष्कळ ठिकाणी हेच चालतं, बोलत कुणी नाही एवढंच.

तेलतपासणी:

खाबूराव, चालतं म्हणून सांगू नका हो. माझं कामच तेल तपासायचं आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, ही मात्रा २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. मोजायचं यंत्र हॉटेलात नसतं हे मला मान्य, पण कढईतलं तेल काळपट झालं, घट्टसर झालं, लवकर धुरायला लागलं, फेस धरायला लागलं, तर यंत्राची गरजही नसते. असं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे असतात, त्यांना द्या. गटारात ओतू नका.

शिवाय त्या तेलात रंग येणार नाही, ते आधीच काळवंडलेलं असतं. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो, आणि तोही मंद आचेवर. तेल कडकडीत असताना मसाला पडला की तो करपतो आणि तर्री विटकरी होते. रंग कमी वाटत असेल तर मसाल्यात ब्याडगीचं प्रमाण वाढवा. तिखटपणा फारसा न वाढता रंग येतो.

गावभागवाल्या काकांच्या डब्याला माझी एक जोड. त्या तर्रीत थोडं पाणी आणि वाटणाचा लसूण-कांदा असतोच. डबा कट्ट्यावर कोमट पडू देऊ नका, उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभा ठेवा. साठ अंशांच्या वर राहायला हवा. आणि उरलेली तर्री रात्रभर बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. लसूण असलेलं तेल उबेला झाकून ठेवणं धोक्याचं.

पित्तप्रकृती:

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मला मिसळ आवडते, तर्री सोसत नाही. पण आजवर एकाही हॉटेलात मला कुणी विचारलेलं नाही. वाटी समोर येते, मी चमच्यानं तेल बाजूला काढतो आणि ते वाया जातं. माझ्यासारखे पन्नाशीपुढचे कितीतरी असतील. ऑर्डर घेतानाच 'तर्री किती?' असं विचारलंत तर तुमची निम्मी अडचण मिटेल. गुरुजींना खरंच हवी आहे ना, तेही एकदा विचारा.

बोगद्याजवळची:

सगळ्यांचे आभार. काका, तुमची डब्याची युक्ती आत्याला वाचून दाखवली. आधी ती म्हणाली, "म्हणजे मी काय मोजून वाढू लोकांना?" मग मामा गल्ल्यावरनं म्हणाले, "सोनारासारखी नको मोजूस, पण मोज." तेव्हा ती हसली आणि डबा आला. चहाच्या शेगडीवर गरम पाण्याचं भांडं कायम असतंच, त्यात बसतो.

तेलताई, वड्याचं तेल आम्ही तर्रीत घालत नाही. पण कढई किती दिवस चालवायची यावरून आतेभावाची आणि माझी आधीपासून वादावादी आहे. तुमचं उत्तर त्याला पाठवलंय. वाचून त्यानं नुसता अंगठा पाठवला.

पित्तकाका, गुरुजींना विचारलं. म्हणाले, "डॉक्टरांनी बंद सांगितलीय, पण वाटीत दिसली पाहिजे." आता त्यांना अर्धा चमचा.

पण नवीनच डोकेदुखी झालीय. अकॅडमीतल्या पोरांनी डबा बघितला. आता कुणी 'वरचं' मागत नाही, 'ताई, डब्यातली द्या' म्हणतात, आणि डबा हाताशी असल्यामुळं आत्याचाच हात सुटतो. काल साडेनऊलाच तळ दिसला.

गावभागवाला:

डबा तू धर. आत्याकडे पातेलं राहू दे.

खाबू मिरजकर:

तेल बदललं आहे, नोंद घ्यावी. आणि हॉटेल नक्की बोगद्याच्या अलीकडं का पलीकडं? रविवारी सज्जनगडला येतोय, अकराच्या आत पोचतो.