मराठी ॲपमधील बटणे आणि रंगसंगती : मदत हवी आहे

नमस्कार. गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल-वर्गणीसाठी मी संपूर्ण मराठी अँड्रॉइड ॲप तयार करत आहे. इंग्रजी मजकूर गृहीत धरून आखलेल्या बटणांत ‘वर्गणी भरा’ यातील रफार आणि वेलांटी वरून कापली जाते. नोटो सान्स देवनागरी फॉन्टसाठी ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवली की अक्षरे पूर्ण दिसतात, पण लहान पडद्यावर सभासदांची यादी फारच लांबते. आपण अशा वेळी अक्षराचा आकार कमी करता की बटणातील मोकळी जागा?

दुसरे म्हणजे, थकबाकी लाल आणि भरणा हिरव्या रंगात दाखवला आहे, परंतु हे दोन रंग वेगळे न ओळखता येणाऱ्यांसाठी सोबत चिन्हही द्यावे, की नुसता शब्द पुरेल? फिकट राखाडी तारखा (दिसायला देखण्या, वाचायला कठीण) डब्ल्यूसीएजीच्या (वेब-मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) अक्षर व पार्श्वभूमी यांतील ४.५:१ या किमान रंगभेदाच्या निकषासाठी गडद करणारच आहे.