पाडा नको, कालवड हवी: कोकणात लिंगनिश्चित रेतन करावं का?

सडेकर (राजापूर): नांगरणीला पॉवर टिलर आले, बैलजोड्या गेल्या. २०१५ च्या कायद्यानंतर बैल-खोंड कत्तलीलाही जात नाहीत. पाडा झाला की दूध तुटेपर्यंत ठेवायचा आणि मग सोडून द्यायचा. हायवेवर रात्री बसलेली गुरं बघा, बरेचसे हेच. लिंगनिश्चित कांडीने, म्हणजे कालवड होणारे शुक्राणू निवडून भरलेल्या वळूच्या वीर्याच्या नळीने, दहात नऊ कालवडी होत असतील तर नको कशाला म्हणायचं? आणि गाय भरवायचीच तर गुजरातच्या गीर वळूची कांडी घाला, दूध तरी वाढेल.

कपिलावाली: अर्धं पटलं. गीरचं दूध गीरच्या खुराकावर येतं हो दादा. दिवाळीनंतर सडा, म्हणजे कातळाचा माळ, करपला की तुमच्याकडे ओला चारा कुठला? आपली इथली कोकण कपिला गाय दोन-तीन लिटरच देते, पण पेंढ्यावर तगते, जांभ्याच्या कातळावर चढते, मुसळधार पावसात टिकते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. आणि आंब्याच्या कलमांना शेणखत कोण देणार, टिलर?

सडेकर: शेणखतावर पोरांची फी भरत नाही, ताई.

रेतनवाला: मी हेच काम करतो. साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू, या कांडीत जेमतेम वीस लाख. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो, त्यावरून मशीन ते निवडतं. त्यात त्यांना मारही बसतो. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण कमी. धडधाकट कालवडीला वापरा, वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या गाईला नको. खरी अडचण माजाची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायला हवं. इथे फोन येतो दुसऱ्या दिवशी दुपारी. मी पडवीत गोठवलेली कांडी वितळवायला कोमट पाण्यात सोडतो तोवर गाईचा माज ओसरलेला असतो.

गुहागरकर: मला भीती वेगळीच. दोन-चार ‘उत्तम’ वळूंच्या कांड्या तालुकाभर गेल्या की तीन पिढ्यांत सगळे गोठे एकमेकांचे मामा-भाचे. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन गुरांची जीनोमवरून, म्हणजे डीएनए तपासून, निवड होते, कारण त्यामागे लाखो गाईंच्या दुधाच्या नोंदी आहेत. आपल्याकडे गाईचं दूध चहाला पुरलं की नाही, एवढीच नोंद.

कपिलावाली: म्हणून तर आधी नोंदी आणि कपिलेचेच वळू. तंत्राला माझा विरोध नाही, कांडी कुणाची हा मुद्दा आहे.

सडेकर: कपिलेची लिंगनिश्चित कांडी आणून द्या, उद्या भरवतो.

रेतनवाला: माझ्या कांड्या गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये तरी नाही. मागणी कुणी केलीय आजवर?