विषय: कार्डाच्या अर्जात 'परमनंट रेसिडेंट' लिहावं का?

प्रेषक: नवी सदस्य, न्यू जर्सी

मंडळींना नमस्कार,

माझ्या नावावर पहिलं क्रेडिट कार्ड काढायचं आहे. अर्जात तीन पर्याय आहेत: सिटिझन, परमनंट रेसिडेंट, नॉन-परमनंट रेसिडेंट. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची जोडीदार म्हणून एच-४वर. त्याचा आय-१४० (कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय आणि टॅक्स आम्ही रेसिडेंट म्हणून १०४० फॉर्मवर एकत्र भरतो. ओळखीतले म्हणतात, "मग परमनंट टाका, कार्ड पटकन मिळेल." मला पगार नाही. उत्पन्नापुढे शून्य लिहू का?

---

प्रेषक: मंडळाचा जुना सभासद

ताई, नमस्कार.

'परमनंट' अजिबात टाकू नका. मंडळात दरवर्षी कुणी ना कुणी हा सल्ला देतं, आणि तो ऐकला की मला खरोखर काळजी वाटते.

टॅक्ससाठी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, फक्त दिवस मोजते. चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे असलात, आणि या वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ भरले, की टॅक्सपुरते तुम्ही रेसिडेंट. ग्रीन कार्ड असो वा नसो. बँक मात्र इमिग्रेशनचा दर्जा विचारतेय. आय-१४० मंजूर म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा पक्की झाली, एवढंच. आपल्याकडे जन्मलेल्यांसाठी ती रांग किती लांब आहे, हे या ईमेल-यादीवर कुणाला सांगायला नको. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, मंजूर होईपर्यंत तुम्ही दोघंही नॉन-परमनंटच.

बँकेला हा प्रश्न विचारायला कायद्याने मुभा आहे, आणि खरं उत्तर देऊन एच-१बी, एच-४ वाल्यांना कार्डं मिळतात. एखाद्या बँकेने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज करता येतो. पण कर्ज मिळावं म्हणून बँकेला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा इथे फेडरल गुन्हा आहे. आणि आय-४८५च्या अर्जात सरळ प्रश्न असतो: अटक झाली नसली तरी तुम्ही कधी एखादा गुन्हा केला आहे का? एका कार्डापायी त्या प्रश्नासमोर अडखळायची वेळ का आणायची?

उत्पन्नापुढे शून्य लिहायची गरज नाही. २०१३ साली नियम बदलला. वय २१ पूर्ण असेल तर जो पैसा तुम्हाला वापरता येईल अशी रास्त अपेक्षा आहे, तो उत्पन्नात धरता येतो. नवऱ्याचा पगार जोडखात्यात जमा होतो आणि घरखर्च तिथूनच चालतो, तर तो पगार लिहा. घरी राहणाऱ्या जोडीदारांची अडचण होत होती, म्हणूनच तो बदल झाला.

---

प्रेषक: नवी सदस्य

काका, खूप आभार. भाडेकरार फक्त ह्याच्या नावावर आहे. 'ओन, रेंट, अदर' यात काय निवडू? आणि माझ्याकडे सोशल (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटिन, म्हणजे फक्त टॅक्ससाठीचा नंबर, आहे.

---

प्रेषक: कार्यकारिणीतली एक ताई

अगं, रेंटच निवड. तो प्रश्न घराचा आहे, व्हिसाचा नाही, आणि घरभाडं विचारलं तर घराचं पूर्ण भाडं लिही. आयटिनवर काही बँका अर्ज घेतात, काही नाही, तेव्हा आधी फोन करून विचार. सोशलच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर घालू नकोस, फार बायका ते करतात. तोवर त्याच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर (त्याच्याच खात्यावर कार्ड वापरणारी) म्हणून नाव लावून घे.

आणखी एक, कारण हे हमखास राहतं. भारतातलं बचत खातं अजून साधंच आहे का? नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याखाली माणूस अनिवासी होतो, १८२ दिवस मोजत बसायचं नसतं. जोडीदार सोबत इथे राहायला आला की त्याचंही तसंच. ते खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करायला हवं, आणि तिथलं कार्ड चालू असेल तर त्या बँकेलाही बदललेला दर्जा कळवायला हवा. पुढच्या सुट्टीत गेलात की दोघांची खाती एकदमच उरका.